गावातले नग आणि त्यांचे सिनेमे

चिंचेखालची

परवा आई-बाबांकडे गेले होते. जेवणं झाली, भांडी आवरली आणि बाबा म्हणाले, "तो बैलाचा पिक्चर लाव." आमच्या घरात 'वळू'ला हेच नाव आहे. २००८ साली तो आला तेव्हा आम्ही तिघांनी तालुक्याच्या टॉकीजला बघितला होता. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे पुढच्या रांगांमध्ये पिशव्या पायाशी ठेवून बसलेली माणसं. पडद्यावर बैल पकडायची धावपळ सुरू झाली तसे एक आजोबा उठून उभेच राहिले आणि मोठ्यांदा म्हणाले, "आरं, पेंड दाखवा की त्याला!" मागून कोणी त्यांना खाली बसा म्हणालं नाही. पेंड दाखवावी की दावं टाकावं यावर दोन रांगांमध्ये चर्चा सुरू झाली होती.

तेव्हापासून या जातीच्या सिनेमांनी मला धरून ठेवलंय. एक छोटं गाव, त्यात एक क्षुल्लक भानगड, आणि ती सोडवायला निघालेली दहा तऱ्हांची माणसं. 'वळू'त काय आहे? कुसवडे गाव, देवाला सोडलेला डुरक्या, आणि त्याला पकडायला आलेला वनखात्याचा अधिकारी. त्याचा धाकटा भाऊ कॅमेरा घेऊन गावभर हिंडतो आणि बैलाबद्दल विचारतो. नीट ऐकलंत तर लक्षात येईल, बैलाबद्दल कोणीच बोलत नाही. जो तो स्वतःबद्दल बोलतो. कुणाचं राजकारण, कुणाचं लपवलेलं प्रेम, कुणाची भीती, सगळं त्या मुक्या जनावराच्या पाठीवर लादलेलं.

आमच्या बाबांचा एसटी स्टँडसमोर फोटो स्टुडिओ होता, तीस वर्षं. गावातलं एकूण एक तोंड त्यांच्या कॅमेऱ्यातून गेलंय. ते परवा म्हणाले, "यात येडा एकही नाही बघ. ज्याचं त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे." मला वाटतं इथेच सगळं आहे. माणसाला येडा ठरवून हसवणं सोपं असतं. त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे हे दाखवून हसवायचं, तर दिग्दर्शकाला त्या ओट्यावर बसलेलं असावं लागतं.

तुम्हाला आवडलेले असे सिनेमे सांगा. मराठीच हवेत असं नाही. आणि ते का आवडले तेही लिहा, नुसती नावं नकोत.

दौत-टाक

ताई, मनातला विषय काढलात. मी एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो, आता निवृत्त. 'वळू' पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या डोक्यात आलं ते हे: मोकाट जनावर हा ग्रामपंचायतीचा विषय. त्यासाठी कोंडवाडा असतो. जनावर कोंडायचं, मालकाकडून दंड घ्यायचा, पावती फाडायची. पण देवाच्या बैलाला मालक कोण? पावती कोणाच्या नावाने फाडणार? आणि त्याला कोंडायला हात कोण लावणार? म्हणून गावाला बाहेरचा माणूस लागतो. ही अडचण लिहिणाऱ्याला नेमकी कळलेली आहे. गिरीश कुलकर्णी आणि उमेश कुलकर्णी या जोडीचं मला सगळ्यात जास्त कौतुक याचं वाटतं. त्यांचा विनोद कारभाराच्या बारीक फटीतून येतो.

ग्रामसभेचंच घ्या. गणपूर्तीचा नियम असा: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. तेवढी माणसं आली नाहीत तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही! म्हणजे पहिल्या सभेला जे करायला शंभर माणसं लागतात, ते पुढच्या सभेला देवळाच्या पायरीवर बसलेली बारा माणसं करू शकतात. प्रोसिडिंगला "सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर" असं मी माझ्या हाताने किती वेळा लिहिलंय. एकदा सूचक आणि अनुमोदक या दोघांचं बांधावरून भांडण होतं. वर्षभर बोलत नव्हते. एकाने नाव सांगितलं, दुसरा म्हणाला, "त्याचं नाव वर असंल तर माझं खाली नको." शेवटी दोन वेगळे ठराव केले. एकात हा सूचक, दुसऱ्यात तो. दोन्ही हातपंपाच्या दुरुस्तीचे. पंप एकच.

हा प्रसंग मी लोकांना सांगतो तेव्हा ते हसतात. मी तिथे होतो तेव्हा मला हसू आलं नव्हतं, कारण खाली बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. याच जोडीच्या 'देऊळ' सिनेमात हीच गोष्ट आहे. झाडाखाली डुलकी लागलेल्या केश्याला दत्त दिसतो, आणि ज्या गावात इस्पितळ व्हायचं तिथे देऊळ उभं राहतं. हसता हसता घागरी दिसायला लागतात. त्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला (५९ वे पुरस्कार, सर्वोत्कृष्ट चित्रपट 'ब्यारी'सोबत विभागून, आणि गिरीश कुलकर्णींना अभिनय आणि संवाद दोन्हींसाठी), तेव्हा मी पंचायतीच्या कार्यालयात पेढे वाटले होते.

माडाची सावली

दौत-टाक काका, हातपंपाचा प्रसंग वाचून गलबललं.

माझ्याकडून 'नारबाची वाडी' (२०१३). मूळ मनोज मित्रांचं बंगाली नाटक, पण आदित्य सरपोतदारांनी ते कोकणात असं रुजवलंय की कलम कुठे बांधलं ते दिसत नाही. म्हाताऱ्या नारबाची वाडी खोताला हवी. करार काय? नारबा मरेपर्यंत महिन्याला पैसे द्यायचे, मेला की वाडी खोताची. आणि पोटात दोन घास नियमित जायला लागल्यावर म्हातारा टुणटुणीत व्हायला लागतो! दिलीप प्रभावळकर झाडांशी बोलतात तेव्हा माझी आजी आठवते. ती फणसाला हात लावून "यंदा लाज राखलंस" म्हणायची. जमिनीचे व्यवहार आमच्याकडे घराघरात माणसं तोडून गेलेत. या विषयावर कोणी तरी आम्हाला हसवलं, याबद्दल मी त्या सिनेमाची ऋणी आहे.

कुंपणावर

मी थोडं वेगळं बोलतो. राग मानू नका.

इथे ज्या सिनेमांची नावं येताहेत ते चांगलेच आहेत, पण गावातल्या किती लोकांनी बघितले? माझी आई आयुष्यभर रोजंदारीवर खुरपायला गेली. तिला दादा कोंडके लागायचे. दादांचे सिनेमे रौप्यमहोत्सव करायचे ते शहरातल्या जाणकारांच्या जिवावर नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून माणसं यायची. 'सोंगाड्या'तला (१९७१) नाम्या म्हणजे कोण? आईच्या धाकातला, भोळा, तमाशाच्या नादी लागलेला गावातलाच पोरगा. तोही नगच. दादा वगनाट्यातून आले, सवाल-जवाब, बतावणी अंगात मुरलेली. तिथे मोठ्यांदा हसायची मुभा असते. माझी आई दिवसभर वाकून काम करायची, तिला संध्याकाळी मंद स्मित नको होतं. तिला पोट धरून हसायचं होतं, आणि ती हसायची.

म्हणून ठसठशीत विनोद म्हणजे हलका आणि हळुवार विनोद म्हणजे वरचा, अशी उतरंड लावू नका एवढंच.

चिंचेखालची

कुंपणावर, राग कसला? तुमच्या आईंबद्दल लिहिलेलं दोनदा वाचलं. उतरंड मला लावायची नाही. नाम्या मलाही आपला वाटतो. मला खुपतात ते सिनेमे वेगळे. ज्यात गावाकडचा माणूस धोतर, टोपी आणि हेल एवढ्यावरच उभा असतो. त्याला नाव नसतं, धंदा नसतो, देणं नसतं. आणि टॉकीजमधले ते पेंडवाले आजोबा मी विसरलेले नाही. हळुवार सिनेमा गाव बघत नाही असं मला नाही वाटत. गावापर्यंत तो पोचतच नाही, टॉकीजला चार दिवस लागतो आणि उतरतो, हे मात्र खरंय.

पऱ्हाटी

हेल म्हणालात म्हणून लिहितो. विदर्भातला हाय मी. सिनेमातलं "गाव" बोललं की ते पश्चिम महाराष्ट्राचंच बोलते, नाही तर कोणत्याच जिल्ह्यात नसलेलं काहीतरी. आमचं "मले", "तुले", "काय करून रायला बे" पडद्यावर आलं तर फक्त नोकराच्या तोंडी, हशा काढायले.

म्हणून 'गाभ्रीचा पाऊस' (२००९). सतीश मनवरचा. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर एका बाईला धास्ती बसते की आपला नवराही तसंच करेल. मग ती काय करते? लहान पोराला बापाच्या मागावर लावते, आणि नवरा खुश राहावा म्हणून गोडधोड करून घालते. बापाला कळत नाही हे पोरगं आपल्यामागे सावलीसारखं का फिरून रायलं. बघताना हसू येते आणि त्याच घासाला गळ्यात अडकते. आमच्या भागात ही धास्ती खरी हाय. माझ्या मोठ्या आईने एक पूर्ण पावसाळा काकाच्या खिशातल्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या, तिला वाचता येत नव्हतं तरी. माझ्याकडून वाचून घ्यायची. बहुतेक कृषी केंद्राच्या उधारीच्या पावत्या असत.

हा सिनेमा विनोदी हाय का? माझ्यासाठी हाय. रडून मोकळं होता येत नाही अशा ठिकाणी माणूस हसतोच.

दौत-टाक

पऱ्हाटी, काही बोलत नाही. वाचलं.

गिरणाकाठ

मालेगावचं नाव अजून कोणी काढलं नाही म्हणून मी काढतो. माझं बालपण तिथलं. मोसम आणि गिरणेच्या संगमावरचं गाव, आणि दिवसरात्र यंत्रमागांचा खडखडाट. बाहेरच्याला त्या आवाजात झोप येत नाही, आम्हाला तो थांबला की जाग यायची. शुक्रवारी माग बंद. आणि शुक्रवारी सिनेमा. हप्ता मिळालेला, अंगावरचा कापसाचा धुरळा धुतलेला, आणि व्हिडिओ पार्लरमध्ये जागा पकडायला धावाधाव.

अशा गावात नासिर शेख नावाच्या, स्वतः व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसाने ठरवलं की आपला सिनेमा आपणच काढायचा. 'मालेगाव के शोले' (२०००). नट म्हणजे मागावरचे कामगार, दुकानदार, ओळखीची माणसं. ट्रॉली नाही? सायकल आहे. क्रेन नाही? बैलगाडी आहे, तिची धुरा दाबली की दुसरं टोक वर जातं. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' करायला घेतला, तेव्हा फैजा अहमद खान यांनी त्या सगळ्या खटपटीवर माहितीपट केला, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. त्यात एकदा कॅमेराच पाण्यात पडतो. युनिटकडे दुसरा कॅमेरा नाही. त्या वेळचे चेहरे बघा. कोणी ओरडत नाही. तो पुसतात, वाळवतात, आणि पुढे कसं करायचं ते बोलायला लागतात.

सुपरमॅन झालेला शफीक शेख यंत्रमागावर काम करणारा, काडीसारखा मुलगा. कर्करोगाने गेला. आकाशात उडायचं म्हणजे हिरव्या पडद्यासमोर त्याला आडवा धरायचा, हे करताना त्याच्या तोंडावर जी जिद्द आहे ती मी कुठल्याही मोठ्या नटाच्या तोंडावर पाहिलेली नाही. रीमा कागतींचा 'सुपरबॉयज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये लागला तेव्हा मी मुलाला घेऊन गेलो. मुलगा पुण्यात वाढलाय. सिनेमा संपल्यावर त्याने विचारलं, "बाबा, हे सगळं आपल्याकडे झालं?" "आपल्याकडे" हा शब्द त्याच्या तोंडून मालेगावबद्दल मी पहिल्यांदा ऐकला.

बाहेरच्या बातम्यांमध्ये आमच्या गावाचं नाव आलं की दंगल नाही तर स्फोट. माझ्या गावाला हसताना जगाने बघितलं ते या माणसांमुळे. चिंचेखालची म्हणतात ते खरंय, ओट्यावर बसलेलं असावं लागतं. इथे तर ओट्यावरची माणसंच उठली आणि कॅमेरा हातात घेतला.

माडाची सावली

+१. माहितीपट नुकताच पाहिला. कॅमेरा पडतो तिथे मी श्वास रोखला होता.

उत्तरसमुद्र

मी अॅबरडीनला असतो, तेलाच्या कामात. इथून उत्तरेला तासाभरावर पेनन नावाचं खेडं आहे. समुद्र आणि कडा यांच्या मध्ये घरांची एकच ओळ, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. १९८३ सालच्या 'लोकल हिरो'चं गाव ते हेच. बिल फोर्साइथ या स्कॉटिश दिग्दर्शकाचा सिनेमा.

अमेरिकन तेल कंपनीला तेलशुद्धीकरणाचा प्रकल्प उभारायला आख्खं खेडं विकत घ्यायचंय, म्हणून ह्यूस्टनहून एक तरुण अधिकारी येतो. आपल्याला वाटतं गाव विरोध करेल. उलट! गावाला विकायचंच आहे. कोण काय गाडी घेणार याची बोलणी सुरू. अडतं ते किनाऱ्यावर खोपट्यात राहणाऱ्या एका म्हाताऱ्यापाशी, कारण वाळूचा पट्टा त्याच्या मालकीचा. माडाची सावली, तुमचा नारबा आणि हा बेन भेटले असते तर छान गप्पा झाल्या असत्या.

त्या अधिकाऱ्याला साहेबाशी बोलायला गावातल्या लाल टेलिफोनच्या खोक्यात उभं राहावं लागतं, खिशात चिल्लर घेऊन. हे खोकं बघायला आजही जगभरातून लोक येतात. सिनेमातलं खोकं खरं तर चित्रीकरणापुरतं ठेवलेलं होतं, आता लोक शेजारच्या खऱ्या खोक्याबरोबर फोटो काढतात. आणि सिनेमातला वाळूचा किनारा पेननचा नाहीच, तो पार पश्चिम किनाऱ्यावरचा. पेननला दगडगोटे आहेत.

मी नवीन आलो तेव्हा पहिला हिवाळा फार जड गेला. साडेतीनला अंधार. तेव्हा एका रविवारी तिथे गेलो. खोक्यात शिरून घरी फोन लावला, मोबाईलवरूनच. आईला म्हणालो, ऐक, आणि दार उघडं धरलं. लाटांचा आवाज. आई म्हणाली, "श्रीवर्धनसारखाच येतोय की." आम्ही श्रीवर्धनचे. ज्या माणसाने स्कॉटलंडच्या एका खेड्यावर सिनेमा काढला त्याला श्रीवर्धन ठाऊक असायचं कारण नाही, पण गावच्या हॉटेलातला मालकच हिशेबनीस असणं, एकाच माणसाने तीन कामं करणं, पाहुण्याला सगळं ठाऊक होण्याआधी गावाला पाहुण्याचं सगळं ठाऊक असणं, हे मी त्याच्याही आधी पाहिलेलं होतं.

कुंपणावर

उत्तरसमुद्र, हा बघणार. आईला गोष्ट सांगितली, तिला म्हातारा अडून बसतो ते फार आवडलं.

बदलीवर

बँकेच्या नोकरीत पाच वर्षं केरळात काढली, त्यामुळे माझ्याकडे दोन दक्षिणेतले.

आधी थोडक्यात कन्नड 'तिथी'. मंड्या भागातलं खेडं, एकशे एक वर्षांचा म्हातारा जातो आणि अकराव्याच्या जेवणापर्यंत तीन पिढ्यांचे तीन उद्योग. नट सगळे गावकरी, कुणीही व्यावसायिक नाही. नातू जमीन विकायला निघालाय, आणि त्यासाठी जिवंत बापाच्या मृत्यूचा दाखला काढायची खटपट करतोय. बाप मात्र रानोमाळ भटकतोय, दगडावर वाघ-बकरीचा डाव मांडून बसतोय. दौत-टाक काकांनी तर बघायलाच हवा, दाखल्याच्या व्यवहारासाठी.

आणि आता चिंचेखालची, खास तुमच्या बाबांसाठी: मल्याळम 'महेशिंटे प्रतिकारम' (२०१६), दिग्दर्शक दिलीश पोथन. इडुक्कीच्या डोंगरातलं गाव. नायक महेश (फहाद फासिल) फोटो स्टुडिओ चालवतो! लग्न, मयत, पासपोर्ट. बाजारात भर चौकात त्याला एकजण मारतो. भांडण त्याचं नव्हतंच, तो सोडवायला गेलेला. अपमान एवढा लागतो की शपथ घेतो, याला परत मारल्याशिवाय पायात चप्पल घालणार नाही. आणि मारणारा निघून जातो आखातात नोकरीला! महिने जातात. हा अनवाणी. गावाला हळूहळू त्याची सवय होते. याचं बीज केरळात खरोखर घडलेल्या घटनेत आहे म्हणतात, आणि बघताना ते पटतं, कारण असा पण करणारा एक तरी माणूस प्रत्येक गावात असतोच.

पण मला जे धरून राहिलं ते बदल्याचं नाही. एक मुलगी फोटो काढायला येते. महेश नेहमीच्या पद्धतीने हनुवटी वर, खाली, डोळे उघड, असं करत फोटो काढतो. तिला तो आवडत नाही, आणि ती ते तोंडावर सांगते. त्या दिवशी त्याला कळतं की वडिलांचा धंदा आपण चालवला, कला नाही घेतली. वडील बोलत नाहीत फारसं. पण पुढे त्यांचं बघून बघून हा शिकतो. तुमचे बाबा यावर काय म्हणतात ते मला ऐकायचंय.

पऱ्हाटी

मले पण.

चिंचेखालची

आठ दिवसांनी येतेय, उशिराबद्दल क्षमस्व. शनिवारी 'महेश' बघितला, आई, बाबा आणि मी. खालच्या ओळी मी मोठ्यांदा वाचत होते कारण बाबांना लवकर वाचता येत नाही. अर्ध्या तासाने ते म्हणाले, वाचू नको, कळतंय.

चपलेच्या शपथेला आई खूप हसली. तिच्या मावसभावाने असाच चहा सोडला होता, चुलत्याने माफी मागेपर्यंत. चुलते वारले तरी भावाने चहा घेतला नाही.

ती मुलगी फोटो आवडला नाही म्हणते तिथे बाबांनी हात वर केला. मी सिनेमा थांबवला. ते काही बोलले नाहीत बराच वेळ. मग म्हणाले, "पासपोर्टला आपण माणसाला सांगतो हलू नको. तिथंच जातो फोटो." ते उठले, माळ्यावरून पत्र्याचा डबा काढून आणला. निगेटिव्हच्या पट्ट्या, बटर पेपरमध्ये, वरती पेन्सिलीने वर्षं. एक पट्टी त्यांनी ट्यूबलाईटसमोर धरली. हमालाचा फोटो होता, स्टँडवरच्या. रेशनकार्डासाठी काढलेला. सहा फ्रेम. पाचांत माणूस ताठ. सहाव्यात तो बाजूला बघून हसतोय, बहुतेक दारात कोणी तरी आलं असावं.

"कार्डाला पाचवा दिला," बाबा म्हणाले. "सहावा त्याला द्यायचा राहिला."

तो हमाल आता कुठे असतो ते ठाऊक नाही, पण त्याची मुलगी तालुक्यालाच शिवणक्लास चालवते असं आईला आठवलं. मंगळवारी बाबा ती पट्टी घेऊन सोलापूरला जाणार आहेत. तिथे एकाकडे अजून निगेटिव्हवरून प्रिंट काढून मिळते. 'तिथी' पुढच्या आठवड्यात.